लूव्रच्या भिंतींवरचा काळा वारसा

बियॉन्से आणि जे-झी यांनी जून २०१८ मध्ये ‘एपशिट’ या गाण्याचा व्हिडिओ आणला. चित्रीकरण पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात. त्यावरचा नेहमीचा आक्षेप असा : हा दोन अतिश्रीमंतांचा थाट, यात कृष्णवर्णीयांचा वारसा कुठला? दुसरा आक्षेप जास्त धारदार आहे : गोऱ्यांच्या राजवाड्यात मिरवण्यापेक्षा स्वतःचं दालन का उभारू नये?

थाट आहे, हे मान्यच. गाण्यात संपत्तीची बढाईही आहे. पण तेवढ्यावर निकाल देणाऱ्यांनी कॅमेरा कुठे थांबतो, हे पाहिलेलं नाही.

दाविदनं रंगवलेल्या नेपोलियनच्या राज्याभिषेकासमोर बियॉन्से आपल्या नर्तिकांचे हात धरून नाचते. चित्रात मुकुटासाठी गुडघे टेकलेली त्याची पत्नी जोसेफिन ही मार्टिनिकमधल्या मळेवाल्याची मुलगी. माहेरची मिळकत गुलामांच्या घामाची. फ्रान्सनं १७९४ मध्ये रद्द केलेली गुलामगिरी नेपोलियननं १८०२ मध्ये वसाहतींत परत आणली. राज्याभिषेक डिसेंबर १८०४ चा. त्याच वर्षी १ जानेवारीला, त्याच्या फौजेला हरवून, हैतीनं स्वातंत्र्य जाहीर केलं होतं. त्या भल्यामोठ्या चित्रात याचा मागमूस नाही. त्याच्यापुढे काळ्या बायकांनी हातात हात घालून उभं राहणं याला नुसता थाट म्हणणं हा आंधळेपणा आहे.

जे-झी उभा राहतो तो जेरिकोच्या ‘मेदूसाचा तराफा’ या १८१९ च्या चित्रासमोर. बुडत्यांच्या त्या गर्दीत सर्वांत उंचावर चढून, दूरच्या जहाजाला कापड हलवून खुणावणारा माणूस काळा आहे.

आणि मग ते चित्र येतं, मारी-गिय्येमीन बेन्वानं १८०० मध्ये रंगवलेलं : पांढऱ्या वस्त्रातली, थेट आपल्याकडे पाहणारी कृष्णवर्णीय स्त्री. तिच्या चित्राच्या शीर्षकात दोन शतकं फक्त तिचा वर्ण होता. ती ग्वादेलूप बेटावरून आलेली मादलेन, हे संशोधकांनी शोधलं आणि २०१९ मध्ये पॅरिसच्याच ओर्से संग्रहालयातल्या प्रदर्शनात चित्राला तिचं नाव मिळालं. हे श्रेय व्हिडिओचं नाही. पण लाखो तरुण डोळे तिच्यासमोर त्यानंच नेले.

स्वतःचं दालन जरूर हवं. वॉशिंग्टनमध्ये कृष्णवर्णीयांच्या इतिहासाचं तसं संग्रहालय २०१६ पासून आहेही. मात्र मादलेन तिथे नाही, लूव्रमध्ये आहे. ज्यांना समुद्रापार नेऊन विकलं, त्यांच्या खुणा विकणाऱ्यांच्याच घरी उरल्या. त्या राजवाड्यावरही त्यांचा हक्क आहे, आणि तो तिथे जाऊनच सांगावा लागतो.