चार तासांचा हिशेब

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह नावाचे स्थानक लागते. श्रीनृसिंहाच्या देवस्थानामुळे हे गाव मराठवाड्यातील भाविकांना परिचित आहे. पण पोखर्णीसारख्या गावांत प्राथमिक शाळेच्या वर्गात दररोज जे घडते, त्याकडे बाहेरच्या माणसाचे लक्ष क्वचितच जाते. राष्ट्रगीत, प्रतिज्ञा, प्रार्थना, बोधकथा, दिनविशेष असा परिपाठ होतो, मुले वर्गात जाऊन बसतात आणि शिकणे सुरू होते. ते किती वेळ चालते, हा प्रश्न आज विचारायचा आहे.

२००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापनाचे ठरवून दिले आहेत. म्हणजे दिवसाला सरासरी चार तास. त्याच कायद्याप्रमाणे साठपर्यंतच्या पटाला दोन शिक्षक मिळतात. चौथीपर्यंतची शाळा असेल तर प्रत्येक गुरुजींकडे दोन वर्ग आले. एका वर्गाला शिकवताना दुसऱ्याला काहीतरी लिहायला द्यायचे. मुलाच्या वाट्याला गुरुजी प्रत्यक्ष येतात ते दोनच तास. त्यांतील एक शिक्षक केंद्राच्या बैठकीला किंवा माहिती भरायला गेला की उरतो एक तास. कायद्यातले आठशे तास कागदावर शाबूत असतात.

या दोन तासांतही चांगला शिक्षक पुष्कळ काही करतो, हे आवर्जून सांगितले पाहिजे. बेचाळिसातून सतरा वजा करायचे असतात. दोनातून सात जात नाहीत, म्हणून मूल अडते. गुरुजी काड्यांच्या दहा-दहाच्या चार जुड्या आणि दोन सुट्या काड्या पुढे ठेवतात, एक जुडी सोडायला सांगतात. जुडी सुटते आणि हातचा म्हणजे काय ते त्या पोराला आयुष्यभरासाठी कळते. वाचनाचेही तसेच. पुस्तकात ‘शेत’ असते, मूल घरून ‘वावर’ घेऊन येते. जाणता शिक्षक दोन्ही शब्द फळ्यावर शेजारीशेजारी लिहितो. घरची बोली चुकीची ठरवून प्रमाण मराठी शिकवता येत नाही. संत जनाबाईंचे गंगाखेड याच जिल्ह्यात आहे. जाते, दळण, शेणी अशा घरकामाच्या शब्दांतून त्यांनी विठ्ठल उभा केला, ती भाषा शाळेच्या दारात अडवण्याजोगी नक्कीच नाही.

जुडी सोडणे हा खरा उपक्रम. दुर्दैवाने हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. सजवलेली भिंत, हातात फलक धरलेली मुले, एक छायाचित्र, ते वर पाठवले की उपक्रम पूर्ण! ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीत आणि पुढे कोसबाडला जे केले, त्यात छायाचित्रासाठी काही नव्हते. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने परवडणारी नव्हती, म्हणून बिया, पाने, शंख-शिंपले गणिताची साधने झाली. मुले गुरांमागे जात, म्हणून शाळाच कुरणात गेली. अगदी अलीकडे सातारा जिल्ह्यातील कुमठे बीटात प्रतिभा भराडे यांनी ज्ञानरचनावाद वर्गात उतरवून दाखवला. राज्यभरातील शिक्षक तो पाहायला गेले. २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आल्यावर गावोगावच्या फरशांवर चौकटी, अक्षरे आणि अंक रंगवले गेले. पण अनेक ठिकाणी फरशी तेवढी रंगली. तिच्यावर बसून मुलाशी बोलायला लागणारा वेळ शिक्षकाला कोणी दिला नाही.

परिणाम समोर आहे. ‘असर’ पाहणीनुसार २०२४ मध्ये ग्रामीण भारतात तिसरीतल्या मुलांपैकी २७.१ टक्क्यांनाच दुसरीचा मजकूर वाचता येत होता. जे चौथीत अडखळते ते पुढच्या प्रत्येक विषयात मागे पडते, कारण इतिहास असो वा विज्ञान, दार वाचनाचेच आहे. त्यात मराठवाड्याचे दुखणे वेगळे. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पटावरची नावे वर्गातून नाहीशी होतात. हंगामी वसतिगृहांची योजना आहे, पण सहा वर्षांचे पोर आईला सोडून राहत नाही. ते परत येते तेव्हा उन्हाळा लागलेला असतो. ज्यांना थोडे परवडते ते गाडीत बसवून मुलाला इंग्रजी शाळेत धाडतात. त्या पालकाला दोष देण्यापूर्वी आपल्या गावच्या शाळेत चारपैकी किती तास शिकवले जाते, याचे उत्तर दिले पाहिजे.

या भूमीला शाळेचे मोल कोणी शिकवायला नको. निजामी राजवटीत शिक्षणाचा कारभार उर्दूतून चाले, मराठी मुलाला आपल्या भाषेत शिकण्यासाठी झगडावे लागे, खासगी शाळा काढण्यावरही परवानगीचे बंधन होते. तरीही हिप्परग्याला १९२१ मध्ये राष्ट्रीय शाळा उभी राहिली. पुढे तेथे आणि अंबाजोगाईत मुख्याध्यापक म्हणून काम केलेले स्वामी रामानंद तीर्थच हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले. मुक्तिसंग्रामाचे पुष्कळसे मनुष्यबळ असल्या वर्गांतून आले. आज मराठीतून शिकण्याला कोणाची मनाई नाही. वर्गात शिक्षक असला म्हणजे झाले.

आणि नेमका तोच प्रश्न पुन्हा उभा राहतो. २०२१ मध्ये केंद्राने ‘निपुण भारत’ अभियान सुरू केले आणि तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, साधे हिशेब करता यावेत, यासाठी २०२६-२७ ची मुदत ठरवली. उद्दिष्टाबद्दल दुमत नाही. परंतु याच शैक्षणिक वर्षात, फेब्रुवारी २०२७ मध्ये, जनगणनेची शिरगणती ठरलेली आहे. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २७ शिक्षकांना अशैक्षणिक कामे देण्यास मनाई करते, पण जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण यांना त्यातून वगळते. जनगणना राष्ट्रीय काम आहे, ते झालेच पाहिजे. मात्र दोनशिक्षकी शाळेतला एक शिक्षक प्रगणक म्हणून गेला तर चारही वर्ग एकाच्या गळ्यात पडतील, तेही वर्ष संपत आलेले असताना.

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. ही समिती पोषण आहाराची खिचडी तपासते, रंगरंगोटीचे बिल पाहते. तिने ग्रामसभेत आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे एवढेच लेखी विचारावे की, शिरगणतीच्या त्या दिवसांत आमच्या पहिली-दुसरीच्या वर्गावर कोण उभे राहणार आहे, त्याचे नाव आम्हाला द्या.