नमुना पोरांचा

दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर लघवीच्या बाटलीचा विषय काढला म्हणून काही वाचक नाक मुरडतील. मुरडू देत. यंदाच्या अंकाचा मुख्य विभाग शाळेच्या मैदानावर आहे. खो-खोच्या खांबापासून लिहायला सुरुवात केलेला लेखकही चार पानांत इंजेक्शनच्या सुईपाशी येतो, हे लेख हाती येत गेले तसं आम्हाला दिसत गेलं. तेव्हा तो विषय इथं उंबरठ्यावरच घेतो.

सप्टेंबर 2023मध्ये दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर राज्य अॅथलेटिक्स स्पर्धा चालू होती. शेवटच्या दिवशी ‘नाडा’चे, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेचे, अधिकारी आल्याची कुणकुण लागली आणि मैदान ओस पडलं. पुरुषांच्या शंभर मीटरच्या अंतिम शर्यतीत आठांपैकी एकच धावपटू धावला. स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंज सापडल्या. ज्युनिअर गटातली एक मुलगी स्टीपलचेस संपवून थांबलीच नाही. अंतिम रेषा ओलांडून ती पळतच राहिली आणि तिच्या मागे नमुना घेणारा अधिकारी. वर्तमानपत्रांनी हा प्रसंग विनोदासारखा छापला, वाचकही हसले. ती मुलगी कुणाला घाबरून पळत होती आणि तिला काय घ्यायला सांगितलं होतं, हे विचारायला मात्र कुणी थांबलं नाही.

अशा बातमीनंतर एक मागणी हमखास उठते: शाळेपासूनच सक्तीची डोप टेस्ट करा, म्हणजे कीड मुळातच मरेल. मागणी रास्त वाटते. पण हा प्रयोग जगात झालेला आहे, आणि तो ज्या राज्यात सगळ्यांत मोठ्या प्रमाणावर झाला तिथे पैशांचीही वानवा नव्हती.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये शाळेचं फुटबॉल म्हणजे गावाचा धर्म. अॅलन नावाच्या उपनगराने 2012 साली एका हायस्कूलसाठी सहा कोटी डॉलरचं, अठरा हजार आसनांचं स्टेडियम बांधलं. (दोन वर्षांत त्याला तडे गेले आणि ते बंद ठेवावं लागलं, हा कंत्राटदारीचा वेगळा विषय. वाचून आपल्याला घरच्यासारखं वाटेल.) अॅलनच्या शेजारच्या प्लेनोत टेलर हूटन हा सतरा वर्षांचा मुलगा शाळेच्या बेसबॉल संघात खेळत होता. 2003च्या जुलैत त्याने आत्महत्या केली. स्टिरॉइड घेणं आणि मग सोडणं, त्यातून आलेलं नैराश्य हे त्यामागचं कारण, असं त्याच्या आईवडिलांचं म्हणणं. वडील डॉन हूटन यांनी मुलाच्या नावाने प्रतिष्ठान काढलं आणि मार्च 2005मध्ये ते अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे बोलले. बेसबॉलचे नामांकित खेळाडू त्याच दिवशी तिथे साक्षीला बसले होते.

दम्याला किंवा सांधेदुखीला डॉक्टर देतात ते स्टिरॉइड वेगळं. इथे प्रश्न आहे तो स्नायू वाढवणाऱ्या अॅनाबॉलिक स्टिरॉइडचा, म्हणजे टेस्टोस्टेरॉनचा आणि त्याच्या कृत्रिम भावंडांचा. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी कूर्चेचे पट्टे असतात. या द्रव्यांमुळे ते वेळेआधी बंद होतात आणि मुलाची उंची तिथेच थांबते. मुलींचा आवाज घोगरा होतो, तो पूर्ववत होत नाही. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळतंय म्हटल्यावर शरीर स्वतःचं बनवणं थांबवतं, आणि औषध अचानक सोडलं की मुलगा खोल गर्तेत जातो. मोठ्या माणसाने हे ओढवून घेणं निराळं आणि पंधराव्या वर्षी कुणीतरी ते टोचणं निराळं.

हूटन यांच्या लढ्याला यश आलं. 2006च्या हंगामात न्यू जर्सीने शाळकरी खेळाडूंच्या चाचण्यांना सुरुवात केली, मग फ्लोरिडा, इलिनॉय, आणि 2007च्या कायद्याने टेक्सास. तिथे 2008पासून शाळाशाळांतून खेळाडूंची नावं चिठ्ठ्या काढाव्यात तशी निवडायची आणि नमुने गोळा करायचे असं सुरू झालं. फ्लोरिडाने वर्षभरातच गाशा गुंडाळला. टेक्सासने 2015पर्यंत ओढलं. तोवर सुमारे एक कोटी डॉलर खर्च झाले होते, 63 हजारांहून अधिक मुलांच्या चाचण्या झाल्या होत्या, आणि दोषी सापडले होते ते अगदी मोजके.

या आकड्याचा अर्थ काय लावायचा? मुख्याध्यापक आणि कोच म्हणाले, बघा, आमची पोरं स्वच्छ आहेत. आमदार म्हणाले, मग पैसे कशाला घालवायचे? काही तज्ज्ञ म्हणाले की चाचणीच ढिली होती. गोळी बंद करून काही आठवडे गेले की बऱ्याच द्रव्यांचा माग राहत नाही, आणि लाखो खेळाडूंतून थोडक्यांची निवड होत असेल तर जाळ्याची भोकं माशांहून मोठी. भीतीने किती जण गोळीपासून लांब राहिले हे तर मोजताच येत नाही, आणि चाचणीच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हा मुद्दा आम्हाला फेकून देण्यासारखा वाटत नाही. पण सर्वांत कडू निष्कर्ष काढला तो खुद्द डॉन हूटन यांनी. या किरकोळ आकड्यांनी लोकांना गाढ झोपवलं, असं त्यांचं मत झालं. ज्या बापाने चाचणी आणली त्यालाच ती आपल्यावर उलटलेली पाहावी लागली.

मुलांच्या बाजूने कुणी उभं राहिलं नव्हतं का? राहिलं होतं. ऑरेगन राज्यातल्या व्हर्नोनिया गावात सातवीतल्या एका मुलाच्या आईवडिलांनी अमली पदार्थांच्या चाचणीच्या संमतिपत्रावर सही करायला नकार दिला, म्हणून शाळेने त्याला फुटबॉल खेळू दिलं नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. 1995मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल शाळेच्या बाजूने लागला. कपडे बदलायच्या खोलीत खेळाडू एकमेकांसमोर उघडे होतातच, तेव्हा त्यांनी खासगीपणाची फार अपेक्षा ठेवू नये, असा बहुमताच्या निकालाचा सूर होता. सात वर्षांनी ओक्लाहोमातल्या खटल्यात हीच मुभा शाळेच्या गायनवृंदातल्या मुलामुलींपर्यंत ताणली गेली. एकदा बाटली हातात द्यायची सवय लागली की ती खेळाच्या मैदानाशी थांबत नाही.

आमच्या मते चाचणीबद्दलचं सर्वांत भयंकर उदाहरण याहून जुनं आहे. पूर्व जर्मनीने 1974मध्ये ‘14.25’ या सांकेतिक क्रमांकाची सरकारी योजनाच आखली. येनाफार्म या सरकारी कंपनीच्या ओरल-टुरिनाबोलच्या छोट्या निळ्या गोळ्या पोहणाऱ्या, गोळा फेकणाऱ्या अल्पवयीन मुलींना रोज दिल्या जात. विचारलं तर उत्तर एकच: जीवनसत्त्वं आहेत. हायडी क्रीगर ही मुलगी सोळाव्या वर्षापासून या गोळ्या खात होती. 1986मध्ये ती गोळाफेकीत युरोपची विजेती ठरली. पुढे तिने लिंगबदल शस्त्रक्रिया करून घेतली, आणि आंद्रेआस क्रीगर या नावाने तीच व्यक्ती 2000 साली बर्लिनच्या न्यायालयात क्रीडाप्रमुख मान्फ्रेड एवाल्ड यांच्याविरुद्ध उभी राहिली. एवाल्ड आणि वैद्यकीय प्रमुख मान्फ्रेड होप्नर दोषी ठरले, पण दोघांच्याही शिक्षा स्थगित झाल्या. तुरुंगात कुणी गेलं नाही.

आता यातली गोम. पूर्व जर्मनीत चाचणी होत नव्हती असं मुळीच नाही. ड्रेस्डेनजवळ क्रायशा इथे अद्ययावत प्रयोगशाळा होती. परदेशी स्पर्धेला निघण्याआधी प्रत्येकाचा नमुना तिथे तपासला जाई, आणि ज्याच्या लघवीत अजून अंश सापडे तो ऐनवेळी ‘जखमी’ होऊन घरी राही. चाचणी काटेकोर होती आणि तिचा उपयोग नेमका उलटा. यंत्र तेच असतं, ते कुणाच्या ताब्यात आहे यावर सगळं ठरतं.

आता घरी येऊ. 2024 साली भारतात 7,113 नमुने तपासले गेले, त्यांत 260 दोषी निघाले. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत त्या वर्षी इतकं प्रमाण कुणाचंच नव्हतं. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने 2024च्या जानेवारीत अल्पवयीनांच्या दहा वर्षांच्या प्रकरणांचा आढावा काढला, त्यात रशियाच्या खालोखाल भारत. 2018च्या पहिल्या ‘खेलो इंडिया’ शालेय स्पर्धेतच बारा खेळाडू सापडले होते. सतरा वर्षांखालील मुलांची स्पर्धा होती ती.

महाराष्ट्रात राज्य-राष्ट्रीय पातळीवर खेळलं की दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात, पुढे सरकारी नोकरीत पाच टक्के आरक्षण आहे. या सवलतींना आमचा विरोध नाही. त्यांच्यामुळे गावाकडच्या कितीतरी मुली धावू लागल्या. पण पदकाची किंमत घरखर्चाशी जोडली गेली की पालक सरांना विचारत नाहीत, डब्यात काय आहे. सर देतात, पोर घेतं. जिमच्या मागच्या खोलीतून मेफेन्टरमाइनच्या बाटल्या जप्त झाल्याच्या बातम्या पुणे-मुंबईकडून आता सवयीच्या झाल्या आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी घसरलेला रक्तदाब सावरायला वापरायचं हे औषध, आणि ते विकलं जातं व्यायामाआधीच्या ‘ताकदी’साठी. तालमीतल्या खुराकाचा हिशोब वस्तादाला द्यावा लागायचा. या बाटलीचा हिशोब कुणाकडेच नाही.

म्हणून आमचं मत स्पष्ट लिहितो. गल्लोगल्लीच्या शाळांतून सरसकट सक्तीची चाचणी नको. टेक्सासला न परवडलेला तमाशा आपल्याला परवडणार नाही. राज्य आणि राष्ट्रीय शालेय स्पर्धांत, जिथे गुण आणि नोकरी ठरते तिथे, चाचणी जरूर व्हावी, आगाऊ कुणकुण न लागता. आणि मूल दोषी सापडलं तर त्या दिवसापासून चौकशी प्रशिक्षकाची व्हावी. जागतिक उत्तेजकविरोधी संहितेत 2015पासून तसा नियमच आहे: लहानग्याचं प्रकरण निघालं की त्याच्या भोवतालच्या मोठ्यांची तपासणी आपोआप सुरू झाली पाहिजे. त्याच संहितेने अल्पवयीनाचं नाव जाहीर करण्याची सक्तीही ठेवलेली नाही. आपल्याकडे बातमीत मुलाचं नाव, गाव, फोटो येतो. सरांचं नाव शोधून काढावं लागतं. 2022चा उत्तेजकविरोधी कायदा आपल्याकडे आहे, पण औषध पुरवणाऱ्या माणसापर्यंत त्याचे हात फारसे पोचलेले दिसत नाहीत. क्रीडा खात्याने वाढीव गुणांच्या प्रत्येक प्रस्तावावर प्रशिक्षकाची सही आणि जबाबदारी घ्यावी, एवढी साधी गोष्टही पुष्कळ काम करील.

आणि आम्ही? या अंकासाठी एका प्रोटीन पावडरच्या कंपनीने मलपृष्ठाची जाहिरात देऊ केली होती. रक्कम चांगली होती, कागदाचे भाव पाहता फारच चांगली. जाहिरातीत हातात ढाल घेतलेला शाळकरी मुलगा होता. अशा पावडरींत लेबलावर नसलेली द्रव्यं सापडल्याची उदाहरणं जगभर आहेत, म्हणून आम्ही त्यांच्याकडे मालाच्या प्रत्येक खेपेचा प्रयोगशाळेचा अहवाल मागितला. दोनदा आठवण केली. अंक छपाईला जाईपर्यंत उत्तर आलं नाही. मलपृष्ठावर आता एका सहकारी पतसंस्थेची जाहिरात आहे, बऱ्याच कमी दरात.