गुलाबी थंडी कोणाची?

सातपुड्यात तोरणमाळ-डाबकडे कडाक्याच्या थंडीत दवबिंदू गोठतात. आमच्या धुळे-अमळनेर रस्त्यावर बर्फ नसतो, धुके असते. सकाळच्या पहिल्या तासिकेसाठी दुचाकीवरून निघालेल्या आम्हा प्राध्यापकांना मागे दिवा नसलेली कापसाची ट्रॉली अगदी जवळ आल्यावरच दिसते. बधिर बोटांनी ब्रेक दाबला जात नाही. तरीही वर्गात आम्ही शिकवतो ती ‘गुलाबी थंडी’, हुरडा आणि शेकोटी!

एका विद्यार्थिनीने हिवाळ्यावरील निबंधात पहाटेच्या उघड्या रिक्षातील बोचऱ्या वाऱ्याविषयी लिहिले. आम्ही समासात शेरा मारला : ‘विषयांतर’. चूक आमची होती. १९५२ आणि २०२४ अशी दोन साहित्य संमेलने भरलेल्या अमळनेरात तरी थंडीचे विशेषण ती सोसणाऱ्याने ठरवावे.