पाच ताऱ्यांचा मुकादम

बोदवडसारख्या कोरडवाहू तालुक्यात सोयरिकीची बोलणी निघाली की ‘जमीन किती?’ या प्रश्नाच्या आधी आता ‘मुलगा काय करतो?’ हा प्रश्न येतो. ‘शेती’ हे उत्तर चालत नाही. कापसाचे पीक पावसाच्या हाती आणि भाव बाजाराच्या हाती असताना मुलीचा बाप कचरला तर त्याला दोष कसा द्यावा? दोष आहे तो मुलींना जन्मच नाकारणाऱ्या समाजाचा. २०११ च्या जनगणनेत जळगाव जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या एक हजार मुलग्यांमागे ८४२ मुली होत्या. ती पिढी आता विवाहाच्या वयाला येऊन ठेपली आहे. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी बाशिंगे बांधून जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा काढला, तेव्हा त्याची थट्टाच अधिक झाली. गर्भलिंगनिदानविरोधी कायदा कसोशीने राबवा, ही त्यांची मागणी त्या हशात विरून गेली.

अशा वेळी घरचे लोक एक उत्तर तयार ठेवतात : ‘मुलगा पुण्याला कंपनीत आहे.’ प्रत्यक्षात हप्त्यावर घेतलेल्या मोटारसायकलीवरून तो हॉटेलातले जेवण घरोघरी पोहोचवीत असतो. पेट्रोल त्याचे, अपघात झाला तर हाडही त्याचेच. कंपनी मात्र त्याला नोकर मानीत नाही. तिच्या लेखी तो ‘भागीदार’. गावात तो नोकरदार म्हणविला जातो, शहरात भागीदार, आणि वस्तुतः तो दोन्ही नाही.

ग्राहक जे तारे देईल त्यांवर त्याचे उद्याचे काम ठरते. हॉटेलाने उशीर केला, पावसाने रस्ता तुंबला, तरी दारात उभे राहून हसतमुखाने क्षमा मागावयाची ती त्यानेच. आपल्या बोलीचा हेल आवरावयाचा, अपमान गिळावयाचा. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉक्शिल्ड यांनी १९८३ साली हवाई सुंदरींच्या कामाचा अभ्यास करून दाखविले की, त्यांचे हास्य हाच विमान कंपनीच्या विक्रीचा माल झालेला असतो. पण त्या स्त्रियांना निदान पगार होता. खानदेशातील जिनांमधला मुकादमही काही सज्जन नसे. परंतु त्याचे तोंड दिसे, त्याच्याशी भांडता येई, मालकाकडे तक्रार नेता येई. येथे मुकादमाचे काम लाखो ग्राहकांकडून फुकट करवून घेतले जाते, आणि मालक नामानिराळा राहतो.

नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालानुसार २०२०-२१ मध्ये देशात असे सुमारे ७७ लाख श्रमिक होते. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये त्यांचा उल्लेख आला, कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम त्यांच्या कल्याणनिधीला द्यावी असेही ठरले. मात्र तारे घटल्यावर रातोरात काम बंद करण्याविरुद्ध त्या संहितेत संरक्षण नाही. कर्नाटकाने २०२५ च्या कायद्यात लेखी कारण आणि चौदा दिवसांची पूर्वसूचना बंधनकारक केली. महाराष्ट्रातील श्रमिक संघटनांनी याहून कमी काही स्वीकारू नये; ताऱ्यांचा हिशेब कसा होतो, हे श्रमिकाला त्याच्या भाषेत कळविण्याचे बंधनही मागावे. आणि या मागणीच्या सभा केवळ पुण्या-मुंबईत न घेता भुसावळपलीकडच्या गावांतही घ्याव्यात. मुलाचे काम एका सकाळी भ्रमणध्वनीच्या पडद्यावरून नाहीसे झाल्याची गोष्ट, सोयरीक मोडेल या भयाने, तेथील आईबाप शेजाऱ्यालाही सांगत नाहीत.