कळ अक्षराची की जागेची?

वेब अ‍ॅप लिहिणाऱ्यांत एक समज पक्का बसला आहे: कीबोर्ड शॉर्टकट म्हणजे चार ओळींचं काम. कळ दाबल्याची खबर ब्राउझर देतो; अक्षर ‘जे’ असेल तर पत्रांच्या यादीत खाली जायचं, ‘के’ असेल तर वर. झालं! लिहिणाऱ्याच्या संगणकावर ते बिनबोभाट चालतंही. पण इनस्क्रिप्ट या कीबोर्ड-मांडणीत मराठी टाइप करणाऱ्यानं तीच ‘जे’ची कळ दाबली की ब्राउझर ‘र’ कळवतो आणि ‘के’ दाबली की ‘क’. यादी जागची हलत नाही आणि का हलत नाही, हेही कुठे दिसत नाही.

‘मग इंग्रजीवर या की!’ असं उत्तर यावर हमखास मिळतं. म्हणजे मराठीत उत्तर लिहा, भाषा बदला, पुढच्या पत्रावर जा, पुन्हा भाषा बदला. त्यापेक्षा माउस काय वाईट?

काही जण म्हणतात, अक्षर बघूच नका. ब्राउझर ‘कोड’मध्ये कळेची जागाही सांगतो, सगळीकडे तीच धरा. हेही टिकत नाही. फ्रेंच कीबोर्डवर ‘ए’ छापलेली कळ असते आपल्या ‘क्यू’च्या जागी. नुसती जागा धरली तर तिथला माणूस ‘ए’ दाबेल आणि अ‍ॅप ‘क्यू’चं काम करेल.

शॉर्टकट कशासाठी निवडला, हे आधी ठरवायला हवं. ‘जे’-‘के’ मुळात जागेचेच. प्रोग्रामर बिल जॉयनं १९७६ च्या सुमारास ‘व्हीआय’ हा टेक्स्ट एडिटर लिहिला, तेव्हा त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर एच, जे, के, एल याच कळांवर बाण छापलेले होते. अशा शॉर्टकटला जागा बघावी. ‘कंपोझ’चा ‘सी’ मात्र अक्षराचा. तिथे आधी अक्षर बघावं आणि ते रोमन नसेल तरच जागेकडे वळावं. मजकुराच्या चौकटीत कर्सर असेल, तर दोन्हींनी गप्प बसावं, हे वेगळं सांगायला नको. (तरी सांगावं लागतं.)

एवढं जमलं तरी एका कळेचा शॉर्टकट सक्तीचा नसावा. बोलून संगणक चालवणाऱ्याचं एखादं वाक्य चुकून पानावर पडलं, तर त्यातलं प्रत्येक अक्षर हुकूम ठरू शकतं. म्हणूनच वेब सुलभतेच्या २०१८ च्या डब्ल्यूसीएजी २.१ या निकषांमध्ये असे शॉर्टकट बंद करण्याची, बदलण्याची किंवा ठरावीक घटकापुरते मर्यादित ठेवण्याची अट आहे, तीही ‘ए’ या अगदी किमान पातळीवर. जीमेलमध्ये ते मुळात बंदच असतात. हवे असतील त्यानं सेटिंग्जमध्ये जाऊन सुरू करायचे. तुमच्या अ‍ॅपमध्येही तसंच ठेवा.