उंबरठ्यावरील दिवा

आमच्या एका वाचकभगिनींनीं प्रश्न पाठविला आहे. त्यांच्या ज्ञातिसंस्थेचें वधूवर-सूचक मंडळ पूर्वीं वह्यांवर चाले. आतां तें एका वेब ॲप्लिकेशनवर चालतें. त्यांत शेंकडों मुलामुलींच्या जन्मवेळा, छायाचित्रें, मिळकतीचे आंकडे व फोन-क्रमांक सांठविले आहेत. तें सांभाळणारा तरुण म्हणतो कीं, ॲपच्या आंतच एक फायरवॉल बसवावी. भगिनी विचारतात, "सर्व्हरच्या बाहेर एक पहारा असतांना हा दुसरा आंत कशाला?" प्रश्न मार्मिक आहे, आणि अनेक संस्थांचा व्यवहार आज असाच चालत असल्यामुळें त्याचें उत्तर येथें देणें आम्हांस उचित वाटतें.

प्रथम धोका कोणता तें पाहूं. ॲप्लिकेशन आपल्यापुढें एक रिकामी चौकट ठेवतें व तेथें नांव लिहावयास सांगतें. आपण लिहिलेलें नांव घेऊन तें डेटाबेसला आज्ञा करतें, 'या नांवाची नोंद आण.' पण एखाद्या लबाडानें नांवाच्या जागीं 'गणेश, आणि त्याबरोबर सगळ्याच नोंदी आण' अशा अर्थाचा मजकूर भरला, आणि ॲप्लिकेशननें तो जसाच्या तसा आज्ञेंत मिसळला, तर डेटाबेस बापडा दोन्ही कामें करतो! मजकूर कोठें संपला व आज्ञा कोठें सुरू झाली, हें त्यास कळत नाहीं. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. ही युक्ति १९९८ सालींच जाहीर झालेली आहे.

हा धोका केवळ तर्काचा नव्हे. इंग्लंडांतील टॉकटॉक या दूरसंचार कंपनीवर ऑक्टोबर २०१५ मध्यें याच मार्गानें हल्ला झाला व १,५६,९५९ ग्राहकांची माहिती चोरीस गेली. पैकीं १५,६५६ जणांच्या बँक-खात्यांचा तपशीलहि तींत होता. चोर आला तो जुन्या पानांवाटे. २००९ सालीं टॉकटॉकनें तिस्काली कंपनीचा तेथील व्यवसाय विकत घेतला, त्याबरोबर हीं पानें आलीं. तीं अद्याप उघडीं आहेत याची नव्या मालकास वार्ताहि नव्हती. २०१५ सालींच आधीं जुलै व सप्टेंबर महिन्यांत त्याच भगदाडावर घाला पडला होता. परंतु तिकडे कोणाचें लक्षच नव्हतें. २०१६ सालीं तेथील माहिती-आयुक्तांनीं कंपनीस चार लक्ष पौंड दंड केला. वारशानें आलेल्या वाड्याचें परसदार कोणीच पाहिलें नाहीं, म्हणजे असें होतें.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. बाहेरची फायरवॉल ही देवडीवरील पहारेकऱ्यासारखी आहे. येणाराचा वेष व बोलणें पाहून ती निर्णय करते. चोरानें तोच मजकूर निराळ्या संकेतलिपींत लिहून आणला, तर ती फसण्याचा संभव असतो. उलट, एखाद्या विलायती आडनांवांतील निरुपद्रवी चिन्ह पाहून ती सज्जनासहि अडविते. संस्कृतांत देहलीदीपन्याय म्हणून एक न्याय आहे. उंबरठ्यावर ठेवलेला दिवा घर व अंगण दोन्ही उजळतो. ॲपमधील फायरवॉलचें तसेंच आहे. बाहेरून आलेली विनंतीहि तिला दिसते, आणि तीवरून डेटाबेसकडे प्रत्यक्ष निघालेली आज्ञाहि दिसते. नामाच्या जागीं क्रियापद येऊन वाक्याची रचनाच पालटली, असें आढळतांच ती आज्ञा तेथेंच रोखतां येते.

ती बसविण्याचा क्रम असा. ज्या भाषेंत ॲप लिहिलें असेल त्या भाषेसाठीं केलेली लायब्ररी, ॲप सुरू होतांना आरंभींच चालू होईल अशी जोडावी. तिची गुप्त किल्ली कोडमध्यें लिहून ठेवूं नये. आरंभ प्रयोगाच्या प्रतीवर करावा. वेग किती मंदावतो तें मोजावें. नंतर खऱ्या ॲपवर कांहीं आठवडे तिला केवळ पाहूं द्यावें, अडवूं देऊं नये. या काळांतील नोंदी रोज वाचून कोणा निरपराध्यावर संशय आला तें पाहावें व नियम सुधारावे. मगच एकेका प्रकारचा हल्ला रोखण्याची मुभा तिला द्यावी. फायरवॉलच बंद पडली तर ॲप चालूं ठेवावयाचें कीं थांबवावयाचें, हें आधींच ठरवावें. नोंदींत कोणाचा पासवर्ड उतरणार नाहीं, याची दक्षता घ्यावी.

इतकें करूनहि निश्चिंत होतां येत नाहीं. २०१९ सालीं अमेरिकेंतील कॅपिटल वन बँकेची फायरवॉलच चुकीची मांडली गेली होती आणि तिला गरजेपेक्षां अधिक अधिकार दिलेले होते. चोर तिच्याच वाटेनें शिरला; अमेरिकेंतील सुमारें दहा कोटि व कॅनडांतील साठ लक्ष लोकांची माहिती गेली. पहारेकऱ्याच्या कमरेला साऱ्या घराच्या किल्ल्या बांधूं नयेत, हा याचा बोध. शिवाय पहारा ठेवला म्हणून भिंतीचें भगदाड बुजवावयाचें राहूं नये. कोडमध्यें आज्ञा आधीं पक्की करून मजकूर मागाहून स्वतंत्रपणें दिला, म्हणजे नांव हें नांवच राहतें. हा खरा उपाय; फायरवॉल ही त्याची जोड.

आपल्या देशांतील २०२३ च्या व्यक्तिगत माहितीविषयक कायद्यांत, सुरक्षिततेची वाजवी तजवीज न करणारास २५० कोटि रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पण दंडाहूनहि मोठी गोष्ट विश्वासाची. मुलीच्या बापानें तिचें टिपण व छायाचित्र संस्थेकडे दिलें, तें ठेव म्हणून दिलें आहे. म्हणून भगिनींनीं त्या तरुणास फायरवॉल अवश्य बसवूं द्यावी. मात्र तीन गोष्टी विचाराव्या. जुनीं पानें कोणकोणतीं उघडीं आहेत? पहाऱ्याच्या नोंदी रोज कोण वाचणार? आणि मजकूर व आज्ञा कोडमध्यें सर्वत्र वेगळीं ठेवलीं आहेत काय? तिन्हींचीं उत्तरें समाधानकारक येईपर्यंत नव्या नोंदी घेऊं नयेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.