सहा चौकटींचं नाणं

इंग्रजी शब्दकोड्यांवरचं माझं प्रेम या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे, म्हणून तक्रारही त्यांच्यापुढेच मांडते. अमेरिकन कोड्यांत कॅनडा हमखास भेटतो, पण कसा? तीन चौकटी उरल्या की ऑन्टारिओचं आखूड रूप, नाहीतर हॉकीपटू बॉबी ऑर. एवढा अवाढव्य देश, आणि कोडं रचणाऱ्याला तो फक्त फटी बुजवायला आठवतो. या आठवड्यात पुन्हा ऑर आला आणि मी सरळ पेन्सिल खाली ठेवली.

कॅनडातल्या मिसिसागाच्या मावसबहिणीने मागे तिथलंच कोड्यांचं पुस्तक पाठवलं होतं, ते काढलं. त्यात कॅनडा घरच्या कपड्यांत भेटला. थंडीतली विणलेली टोपी म्हणजे टूक. चोवीस बिअरचा खोका म्हणजे टू-फोर. टोरांटो झालं हॉगटाउन, कॅल्गरी काउटाउन. दोन क्रीम, दोन साखर घातलेली कॉफी म्हणजे डबल-डबल. टिम हॉर्टन्स या कॉफीच्या दुकानांच्या काउंटरवरचा हा शब्द 2004 मध्ये कॅनडाच्या ऑक्सफर्ड शब्दकोशातही गेला. एका शब्दाला अडले म्हणून बहिणीला फोन केला, तर म्हणाली, "अगं, हे पुस्तकात बघून कसं कळेल? टिम्सच्या रांगेत चार दिवस उभी राहा."

एका जागी मात्र मन खट्टू झालं. न्यूफाउंडलंडचा माणूस, सहा चौकटी: न्यूफी. हे बेट कॅनडात आलं 1949 साली, आणि तिथल्या लोकांना बावळट ठरवणारे विनोद याच नावावर वर्षानुवर्षं सांगितले गेले. तिथले काही जण ते आपसात अभिमानाने वापरतात, अनेकांना ते झोंबतं. मुंबईत 'घाटी' ऐकून घेतलेल्यांना हे समजावून सांगायला नको. असं नाव नुसतं 'तिथला रहिवासी' म्हणून कोड्यात छापू नये. चौकटी भरायला दुसरे शब्द मिळतात.

त्याच पानावर सहा चौकटींचा दुसरा शब्द होता, लूनी. एक डॉलरचं नाणं. याची हकीकत सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. नाण्यावर खरं तर होडी वल्हवणारी माणसं यायची होती. पण 1986 मध्ये ओटावाहून विनिपेगला पाठवलेले ठसे वाटेतच गहाळ झाले. चार पैसे वाचवायला ते साध्या कुरिअरने धाडले होते! कुणी खोटी नाणी पाडेल या धास्तीने सरकारने चित्रच बदललं आणि 1987 मध्ये नाण्यावर लून हा पाणपक्षी आला. लूनी हे नाव लोकांनी ठेवलं. 1996 मध्ये दोन डॉलरचं नाणं निघालं, त्यावर ध्रुवीय अस्वल आहे. तरी लोकांनी त्याला टूनीच केलं.

आणि 2002 चं सॉल्ट लेक सिटीचं हिवाळी ऑलिम्पिक! तिथल्या हॉकीच्या मैदानाचा बर्फ तयार करायला एडमंटनहून ट्रेंट इव्हान्स नावाचा कारागीर गेला होता. त्याने मैदानाच्या मधोमध बर्फाखाली गुपचूप एक लूनी पुरली. त्या बर्फावर कॅनडाच्या बायकांनी अमेरिकेला 3-2 हरवून सुवर्ण जिंकलं आणि तीन दिवसांनी पुरुषांनी 5-2. पुरुषांचं ते पन्नास वर्षांनंतरचं सुवर्ण! अंतिम सामना संपल्यावर ती लूनी खणून काढली, आणि विख्यात हॉकीपटू वेन ग्रेट्झकीने पत्रकारांसमोर हे गुपित फोडलं. माझा हॉकीशी काही संबंध नाही, तरी हे वाचताना मला भरून आलं.

ते नाणं टोरांटोच्या हॉकी हॉल ऑफ फेमला दिलं गेलं. पुढच्या उन्हाळ्यात बहिणीकडे जायचं चाललंय. तिला आत्ताच सांगून ठेवलंय, नायगारा मागाहून बघू, आधी तिकडे ने.